केनवूडची डायडो

लंडनच्या उत्तरेला हॅम्पस्टेड हीथवर केनवूड हाऊस नावाचं मोठं पांढरं घर आहे. सुट्टीत तिकडे गेलात तर आत जरूर जा, तिकीट लागत नाही. याच घरात डायडो बेल वाढली.

डायडोचा जन्म १७६१चा. तिची आई मारिया गुलाम होती. गुलाम म्हणजे नोकर नव्हे, बरं का! गुलामांची वस्तूसारखी खरेदी-विक्री व्हायची. ब्रिटिश वसाहतींमध्ये गुलाम आईचं मूलही जन्मापासून गुलामच. डायडोचे वडील जॉन लिंडसे ब्रिटिश नौदलात कप्तान होते. त्यांनी मुलीला आपल्या मामांकडे ठेवलं. हे मामा म्हणजे लॉर्ड मॅन्सफिल्ड, इंग्लंडचे मुख्य न्यायाधीश.

त्या घरात डायडोच्याच वयाची एलिझाबेथ होती. एक भाच्याची मुलगी, दुसरी पुतण्याची. दोघी एकत्र वाढल्या. पण पाहुणे जेवायला आले की डायडो त्यांच्या पंगतीला नसायची. जेवणं झाल्यावर कॉफीच्या वेळी यायची. एलिझाबेथला वर्षाला १०० पौंड मिळायचे, डायडोला जेमतेम ३०. डायडोचं अक्षर मात्र छान होतं. पुढे मॅन्सफिल्डांची पत्रं ती लिहून द्यायची.

१७७२ मध्ये मॅन्सफिल्डांसमोर जेम्स सॉमरसेटचा खटला आला. लंडनमध्ये मालकापासून पळालेल्या या गुलामाला पकडून, जमैकात विकण्यासाठी जहाजावर साखळदंडाने बांधलं होतं. मॅन्सफिल्डांनी त्याला सोडायला लावलं. इंग्लंडमधून कोणालाही असं जबरदस्तीने नेता येणार नाही, असा तो निकाल. लोकांना वाटलं, इंग्लंडमधले सगळे गुलाम सुटले! पण निकालात तसं कुठेच नव्हतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये जे लिहिलेलंच नाही ते चालत नाही, तसंच कोर्टाचंही असतं.

हे मॅन्सफिल्डांइतकं कोणाला कळणार? १७९३ मध्ये ते वारले. आपल्या मृत्युपत्रात, म्हणजे विलमध्ये, त्यांनी डायडोसाठी ५०० पौंड आणि दरवर्षी १०० पौंड ठेवले होते. शिवाय डायडो स्वतंत्र आहे, असं त्यात मुद्दाम लिहिलं होतं. विचार करा, घरातल्याच मुलीसाठी हे लिहावं लागलं!

त्याच वर्षी डायडोने जॉन डॅव्हिनियरशी लग्न केलं. तिला तीन मुलगे झाले. त्यांतला चार्ल्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात गेला. डायडो मात्र १८०४ मध्येच गेली.

मॅन्सफिल्डांनी ते लिहून ठेवलं ते किती बरं केलं, हे १८२७ मध्ये दिसलं. ग्रेस नावाची एक गुलाम बाई मालकिणीबरोबर अँटिग्वा बेटावरून इंग्लंडला आली होती, काही काळ राहिली आणि परत गेली. ती आता स्वतंत्र आहे का? लंडनच्या कोर्टाने सांगितलं, नाही. अँटिग्वाला पोचल्यावर ती पुन्हा गुलामच. १८५७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तर आणखी पुढे जाऊन, आफ्रिकन गुलामांचे वंशज स्वतंत्र असले तरी देशाचे नागरिक होऊ शकत नाहीत, असा निकाल दिला.