हिरड्यांखालचे किटण खरवडणारा दंतवैद्य : डॉ. जॉन रिग्ज

अलिबाग, खास प्रतिनिधी

अलिबागपासून मुरूड, श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीवर दात हलू लागले की वय झाले, असे समजण्याची रीत जुनी आहे. दंतवैद्याकडून दात साफ करून घेतले तर ते अधिकच सैल होतात, हा समजही तितकाच पक्का. मशेरीची डबी घराघरांतून अद्याप पुरती हद्दपार झालेली नाही आणि हिरड्यांतून रक्त आले तरी त्याची दखल घेण्याची सवय नाही. सैल दात म्हणजे उपटून टाकायचा दात, ही समजूत एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतही रूढ होती. तिच्याविरुद्ध आयुष्यभर उभे राहिलेले दंतवैद्य म्हणजे डॉ. जॉन मॅन्की रिग्ज.

रिग्ज यांचा जन्म २५ ऑक्टोबर १८११ रोजी कनेटिकट राज्यात झाला. १८३७ मध्ये हार्टफर्डच्या महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी काही काळ शिक्षकी केली. पुढे त्याच शहरातील दंतवैद्य होरेस वेल्स यांच्या हाताखाली ते दंतविद्या शिकले. गुलामगिरीच्या प्रथेला त्यांचा उघड विरोध होता.

वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे नाव प्रथम आले ते मात्र हिरड्यांमुळे नव्हे. १० डिसेंबर १८४४ रोजी हार्टफर्डमध्ये हसविणाऱ्या वायूचा, म्हणजे नायट्रस ऑक्साइडचा, जाहीर खेळ झाला. वायू हुंगलेल्या एका तरुणाच्या पायाला जखम झाली तरी त्याला वेदना जाणवली नाही, हे वेल्स यांनी हेरले. दुसऱ्याच दिवशी वेल्स स्वतः खुर्चीत बसले, वायू हुंगून बेशुद्ध झाले आणि रिग्ज यांनी त्यांची दाढ काढली. रुग्ण पुन्हा डोळे उघडील की नाही, याची खात्री देण्यास त्या खोलीत कोणी समर्थ नव्हते. वेल्स शुद्धीवर आले. वेदना झालीच नव्हती. पुढे बोस्टनमधील प्रयोग फसला, श्रेय इतरांकडे गेले आणि क्लोरोफॉर्मच्या आहारी गेलेल्या वेल्स यांनी १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात, अवघ्या ३३ व्या वर्षी आत्महत्या केली. गुरूच्या बाजूने साक्ष देण्याचे काम रिग्ज यांनी नंतरही सोडले नाही.

त्यांचे खरे कार्य यानंतरचे. हिरड्या सुजणे, त्यांतून पू येणे आणि धडधाकट दात गळून पडणे हा रक्तदोषाचा किंवा प्रकृतीचा परिणाम मानला जाई. रिग्ज यांचे म्हणणे निराळे होते. दोष दाताच्या मुळाशी चिकटलेल्या किटणात आहे. ते हिरडीच्या खालूनही काढले, पृष्ठभाग गुळगुळीत केला आणि रुग्णाने पुढे स्वच्छता राखली, तर दात वाचतो. यासाठी ते हातात धरण्याची बारीक खरवडणी वापरीत. हिरडी कापून टाकण्याच्या तत्कालीन पद्धतीला त्यांचा विरोध होता. आपली पद्धत त्यांनी व्यवसायबंधूंपुढे करून दाखविली आणि १८७६ मध्ये तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. लवकरच या विकारालाच रिग्जचा रोग म्हटले जाऊ लागले. आपण त्याला पायोरिया म्हणतो.

अर्थात दात खरवडणारे ते पहिलेच नव्हेत. दातांवरील शर्करा मुळाला इजा न करता दंतशंकूने काढावी, असे आपल्याकडे सुश्रुतसंहितेने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. फ्रान्समधील पिएर फोशार यांच्या १७२८ च्या ग्रंथातही किटण काढण्याचे वर्णन आहे. रिग्ज यांचे वेगळेपण असे, की त्यांनी हा दातांच्या शोभेचा भाग न मानता दात वाचविण्याचा मुख्य उपचार ठरविला.

त्यांचे कारण अपुरे होते, उपाय मात्र बरोबर होता. दातांवर साचणारा जंतूंचा मऊ थर लाळेतील क्षारांमुळे कडक होतो आणि त्याच्या खडबडीत पृष्ठावर जंतूंचा नवा थर बसतो, हे पुढे कळले. निरोगी हिरडी व दात यांतील फट साधारण १ ते ३ मिलिमीटर खोल असते. ती ४ मिलिमीटर वा अधिक झाली की ब्रश तळापर्यंत पोहोचत नाही. राखुंडी किंवा मशेरी तर नाहीच. १९६५ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी निरोगी तरुणांना दात घासणे थांबविण्यास सांगितले. तीन आठवड्यांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणे सुरू करताच पूर्ववत झाल्या. किटण खोलवर बसून हाड झिजू लागल्यावर मात्र नुसत्या घासण्याने भागत नाही.

साफ केल्यावर दात सैल झाल्यासारखे का वाटतात, याचेही उत्तर यातच आहे. किटणाचा थर हलत्या दातांना बाहेरून चिकटवून धरतो, सुजलेली हिरडी फटी झाकते. दोन्ही गेले की आधीच झालेले नुकसान उघडे पडते. काही दिवस थंड पाण्याने दात शिवशिवतात, नंतर हिरडी घट्ट होते. मधुमेही रुग्णांनी तर हा उपचार लांबणीवर टाकू नये.

रिग्ज यांचे ११ नोव्हेंबर १८८५ रोजी हार्टफर्ड येथे निधन झाले. रोगाला दिलेले त्यांचे नाव पुढे मागे पडले. कंपनांवर चालणारी यंत्रे १९५० च्या दशकात आली, तरी खोल फटींतील काम अजूनही बरेचसे हातातील खरवडणीनेच पुरे केले जाते. जिल्ह्यात खारघर आणि कामोठे येथील दंत महाविद्यालयांत हिरड्यांच्या विकारांसाठी स्वतंत्र विभाग आहेत.