उलट्या घड्याळाच्या ग्रेसबाई

सात वर्षांच्या पोरीने गजराचे घड्याळ खोलले. ते पुन्हा जुळेना, म्हणून दुसरे खोलले, मग तिसरे. आईच्या लक्षात येईपर्यंत घरातल्या सात घड्याळांचा खुर्दा झाला होता! यापुढे एकच घड्याळ तुझे, असा तह आईने केला. न्यूयॉर्कमध्ये ९ डिसेंबर १९०६ रोजी जन्मलेली ही मुलगी म्हणजे ग्रेस हॉपर. मी एका बँकेत वर्षानुवर्षे कोबोल लिहिले, त्यामुळे या बाई मला घरातल्या करड्या आत्याबाईंसारख्या वाटतात.

१९३४ साली येल विद्यापीठातून गणिताची डॉक्टरेट, शिवाय व्हासार कॉलेजात अध्यापन. महायुद्धात, १९४३ साली, वय जास्त आणि वजन पंधरा पौंड कमी असूनही त्यांनी हट्टाने नौदलात प्रवेश मिळवला. नेमणूक झाली हार्वर्डच्या मार्क-वन या अवाढव्य यंत्रावर. यंत्राशी आकड्यांतच बोलायचे, हा तेव्हाचा शिरस्ता. साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा देता याव्यात, हा बाईंचा ध्यास. वरिष्ठांना तो खुळेपणा वाटे. त्यांनी फ्लोमॅटिक भाषा करून दाखवली आणि तिच्याच पायावर १९६० मध्ये कोबोल उभी राहिली.

आता तारखेची गोष्ट. पंच कार्डावर रकाने ऐंशीच. नाव, खाते, रक्कम सारे त्यातच बसवायचे. वर्षातले १९ गाळले की दोन रकाने वाचत. म्हणून ५ ऑगस्ट १९८७ ही तारीख आम्ही ८७०८०५ अशी ठेवत असू. वर्ष आधी, म्हणजे मोठा आकडा ती नंतरची तारीख, तुलना सोपी. छापताना दिवस, महिना, वर्ष हे तीन डबे उलट्या क्रमाने हलवून मध्ये तिरक्या रेघा घालायच्या की ग्राहकाच्या पावतीवर ०५/०८/८७ उमटे. पण २००० साल उजाडताच ०००१०१ हा आकडा ९९१२३१ पेक्षा लहान ठरणार होता. कालची ठेव आजच्यापेक्षा शंभर वर्षांनी तरुण! १९८९ मध्ये कोबोलच्या प्रमाणात भर पडली आणि तारखेचे दिवसांत रूपांतर करणारे तयार फंक्शन आले. १ जानेवारी १६०१ हा दिवस पहिला. दोन आकड्यांची वजाबाकी केली की झाले, लीप वर्षाची कटकट नाही. पण जुने प्रोग्राम जुनेच राहिले.

ते दुरुस्त करायला १९९८-९९ मध्ये पुण्यामुंबईची कितीतरी मुले अमेरिकेला गेली. या घोटाळ्याचे खापर पुष्कळांनी ग्रेसबाईंवर फोडले. मला ते पटत नाही. वर्षाला चार रकाने द्यायला भाषेने कधीच मनाई केली नव्हती. १९७४ च्या प्रमाण कोबोलमध्ये यंत्राकडे आजची तारीख मागितली तर सहाच आकडे मिळत, हे मात्र खरे. दोष द्यायचा तर आमच्यासारख्यांच्या काटकसरीला द्यावा.

नौदलाने १९६६ मध्ये बाईंना निवृत्त केले आणि पुढच्याच वर्षी सहा महिन्यांसाठी परत बोलावले. यंत्रागणिक कोबोल वेगळी झाली होती, ती एका शिस्तीत आणायची होती. सहा महिन्यांची एकोणीस वर्षे झाली. त्यांच्या कचेरीतले घड्याळ उलटे फिरे. आजवर असेच करत आलो, या सबबीची त्यांना चीड होती, आणि हे घड्याळ त्या सबबीला उत्तर होते.

१९८६ मध्ये रिअर ॲडमिरल म्हणून त्या निवृत्त झाल्या, तेव्हा वय ७९. बाई गेल्या १ जानेवारी १९९२ रोजी. आमच्या भाषेत ९२०१०१. दोन हजार साल उजाडायला तेव्हा बरोबर आठ वर्षे उरली होती.