संत बहिणाबाई आणि चित्ताचे वळण

कीर्तनात बहिणाबाईंचे आख्यान लावले, की वासरू मरते त्या ठिकाणी श्रोत्यांचे डोळे भरून येतात. बायाबापड्या पदर डोळ्यांना लावतात. आम्हीही त्या जागी सूर जरा लांबवतो, हे कबूल करायला हरकत नाही. पण आख्यान संपवून बिऱ्हाडी आलो म्हणजे आमच्या मनात घोळत राहतात ते बाईंचे यजमान, पाठक. हा गृहस्थ इतका कठोर कशाने झाला आणि पुढे मऊ कसा पडला, हा विचार कथेच्या ओघात राहूनच जातो. तो आज करू. (या शिऊरच्या बहिणाबाई, बरं का. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी निराळ्या, त्या १९५१ साली गेल्या. दोघींचा घोटाळा करू नये.)

बाईंचा जन्म शके १५५०, म्हणजे इ. स. १६२८ चा, वेरूळजवळच्या देवगावी. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. तिसऱ्या वर्षी लग्न लागले. नवरा शिऊरचा, बिजवर, तिशीचा, वेदविद्या शिकलेला. शिऊर आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर तालुक्यात येते. बाई नऊ वर्षांच्या होत्या तेव्हा भाऊबंदकीच्या तंट्यात सगळ्या कुटुंबाला रातोरात गाव सोडावे लागले. आईबाप, भाऊ, जावई आणि ही पोर अशी मंडळी निघाली. पंढरपूर झाले, शिंगणापूर झाले, रहिमतपुरास मुक्काम झाला आणि शेवटी कोल्हापुरात एका ब्राह्मणाच्या घरी आसरा मिळाला. वाटेत कोरान्न मागून पोट भरायचे.

इथे जरा थांबू. हा विद्वान मनुष्य. घर गेले, वतनाचे गाव गेले, सासऱ्याच्या गणगोताबरोबर परमुलखात झोळी घेऊन हिंडायची पाळी आली. त्याच्यापाशी स्वतःचे असे काय उरले? मी वैदिक, मी श्रेष्ठ, एवढा एक विचार. बाईंनी हे लिहिलेले नाही, ही आमची अटकळ. पण ज्याचे सगळे जाते तो उरलेली एक वस्तू मुठीत फार घट्ट धरतो, हे आपण घरोघरी पाहतो. तो विचार पाठकांनी इतका घोळला की पुढे पुढे विचार आणि मनुष्य निराळे काढता येईनात.

कोल्हापुरात जयरामस्वामी वडगावकरांची कीर्तने होत होती. बाई तेव्हा अकरा वर्षांच्या. घरी एक गाय आली होती, तिच्या वासराला बाईंचा असा लळा लागला की त्या जातील तिथे ते मागे मागे. बाई कीर्तनाला गेल्या, तर वासरूही गेले. गर्दीत अडचण होते म्हणून लोकांनी त्याला बाहेर काढले. ते हंबरू लागले, बाई रडू लागल्या. स्वामींना कळले तेव्हा त्यांनी वासराला आत आणवले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पोरीच्या मस्तकावरही हात ठेवला. झालं एवढंच. पण गावात बोलबाला झाला, आणि कोणी एकाने पाठकांच्या कानी ते भलत्याच रंगाने घातले. पाठक घरी आले ते रागाने आंधळे होऊन. वेणी धरून अकरा वर्षांच्या पोरीला मारले, बांधून घातले. तिकडे गाय-वासराने चारा सोडला.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी विचारापासून नाशापर्यंतची उतरण दाखवली आहे. मन एखाद्या विषयाभोवती फिरू लागले की आसक्ती, तीतून इच्छा, इच्छेतून क्रोध, मग मोह, मग स्मृतीचा भ्रंश, आणि शेवटी बुद्धीच जाते. आम्ही लहानपणी हे श्लोक घोकले तेव्हा विषय म्हणजे धन आणि स्त्री एवढेच समजलो. पाठकांचा विषय धन नव्हता. त्यांचा विषय होता स्वतःचा मान. तोही विषयच, आणि शास्त्र शिकलेल्याला तोच अधिक बाधतो.

हे आम्ही दुसऱ्याचे म्हणून सांगत नाही. तरुणपणी एका गावी निरूपण चालू असता एका शेतकरी वारकऱ्याने, आम्ही एका ओवीचा अर्थ उलटा लावला, असे हळूच सुचवले. त्याचे खरे होते. पण मी काव्य-व्याकरण शिकलेला आणि हा कोण, हा विचार आम्ही तीन दिवस चघळला. चौथ्या दिवशी आमच्या टाळकऱ्यावर विनाकारण ओरडलो. राग आला टाळकऱ्यावर, शिजला होता भलत्याच चुलीवर. म्हणून पाठक आम्हाला परके वाटत नाहीत.

पुढे ते वासरू गेले. बाईंची शुद्ध हरपली, कित्येक दिवस त्या तशाच पडून होत्या. त्या अवस्थेत त्यांना तुकोबारायांचे दर्शन झाले, अनुग्रह झाला, असे त्या स्वतः सांगतात. लोक पाहायला येऊ लागले. आता पाठकांच्या दुःखाला पार राहिला नाही. वैदिकाची बायको आणि तिचा गुरू देहूचा शूद्र वाणी! लोक हिला नमस्कार करणार आणि आपल्याकडे पाहून हसणार. त्यांनी ठरवले, हिला माहेरच्यांच्या गळ्यात टाकून तीर्थाटनाला निघून जायचे. बाईंना तेव्हा दिवस गेले होते.

बाईंच्या मनात काय चालले होते? तेही त्यांनी लपवलेले नाही. स्त्रीदेह मिळाला, पराधीनता आली, वेद कानी पडायची सोय नाही, ही तक्रार त्यांच्या अभंगांत स्वच्छ आहे. पतीला सोडून देव मिळवायचा नाही आणि देवाला सोडून पतीजवळ राहायचे नाही, अशा पेचात त्या सापडल्या होत्या. तरी पतीच्या द्वेषाचा विचार त्यांनी मनात मुरू दिला नाही. कीर्तनकार इथे बाईंच्या सोसण्याची वाहवा करतात आणि मारणाऱ्याला मोकळे सोडतात. आम्हाला ते पटत नाही. मार तो मारच, आणि पाप ते पापच.

निघायच्या बेतात असता पाठकांना ताप भरला. महिनाभर अंथरूण सुटले नाही, औषध लागू पडेना. उशाशी रात्रंदिवस बसली होती ती तीच, जिला टाकून जायचे ठरले होते. ज्याची विद्या, ज्याचे कर्म, ज्याचा मान, तो आता पाण्याच्या घोटाला महाग. इतके दिवस मनात एकच चाक फिरत होते, ते दुखण्याने थांबले. आपण संताची निंदा केली त्याचे हे फळ, असे पाठकांच्या मनाने घेतले आणि बरे झाल्यास वागणूक बदलायचा निश्चय केला. बरे झाले. आणि पाहा, जो बायकोला टाकून जाणार होता तोच कुटुंब घेऊन देहूच्या वाटेला लागला.

देहूत एक नवल झाले. मंबाजी गोसाव्यांनी आमचा उपदेश घ्या म्हणून गळ घातली. या मंडळींनी नकार दिला, तेव्हा शूद्राला गुरू केल्याबद्दल वाळीत टाकण्याची भाषा सुरू झाली. बाईंच्या गायीलाही त्यांनी मारले. पाठकांचाच कालचा विचार आता दुसऱ्याच्या तोंडून पाठकांवरच येऊन आदळत होता. आपला चेहरा आपल्याला असा समोरून पाहायला मिळणे फार थोड्यांच्या नशिबी असते.

तुकोबारायांच्या कीर्तनाला बसायचे भाग्य दोघांना लाभले. शके १५७१ मध्ये महाराजांचे प्रयाण झाले. कन्या काशीबाई, पुत्र विठोबा अशी दोन मुले झाली. पुढली वर्षे शिऊरला गेली. बाईंनी आत्मचरित्राचे अभंग रचले, तसेच वज्रसूचिकोपनिषदावरही. त्या उपनिषदाचा प्रश्न एकच, ब्राह्मण कोणाला म्हणावे? जीव, देह, जात, ज्ञान, कर्म, दानधर्म एकेक तपासून बाजूला सारले आहेत आणि आत्म्याचा साक्षात्कार ज्याला झाला तो ब्राह्मण, असे ठरवले आहे. ज्या एका कल्पनेपायी लहानपणी मार खाल्ला, ती बाईंनी रागाने फेकून दिली नाही. तिचे मूळ खणले, आणि तेही मराठीत.

शके १६२२ साली, इ. स. १७०० मध्ये, अंत जवळ आला हे ओळखून बाईंनी परगावी गेलेल्या विठोबाला पत्र पाठवून बोलावले. तो आल्यावर त्याला जवळ बसवून आपले मागचे बारा जन्म सांगितले. कुठे काय वासना राहिली, कुठला संस्कार पुढे आला, हे एखाद्या जुन्या हिशेबाच्या वहीसारखे त्यांनी मुलापुढे उलगडले. हा तेरावा, आणि शेवटचा, असे म्हणाल्या. मग आश्विन शुद्ध प्रतिपदेला त्यांनी देह ठेवला. समाधी शिऊरलाच आहे.