उलटा बसवलेला गिअरबॉक्स

आमच्या बाहा गाडीची पहिली ट्रायल वर्कशॉपमागच्या मैदानावर झाली, तेव्हा निम्मं हॉस्टेल बघायला आलं होतं. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी मागे गेली. दुसरा टाकला, आणखी जोरात मागे. जुन्या बाजारातून आणलेला मालवाहू रिक्षाचा गिअरबॉक्स आम्ही बसवला होता, आणि जागा पुरेना म्हणून फिरवून बसवला होता. चार रिव्हर्स आणि एक फॉरवर्ड! आठवडाभर मेसमध्ये दुसरा विषय नव्हता. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी एक नाव सांगितलं: कॉलिन चॅपमन. लोटस गाड्यांचा जन्मदाता. त्यानेही गिअरबॉक्स असाच फिरवून बसवला होता, फक्त आधी विचार करून. मग लायब्ररीत बसलो आणि त्याच्या आयुष्यातच अडकलो.

चॅपमनचा जन्म १९२८ चा, लंडनजवळच्या रिचमंडचा. वडील लंडनमधल्या हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल चालवायचे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्याने इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला, पण लक्ष गाड्यांत. मित्राबरोबर जुन्या गाड्या विकायचा धंदा जोरात चालला होता. १९४७ मध्ये खासगी गाड्यांना मिळणारं पेट्रोलचं रेशन सरकारने बंद केलं आणि बाजार झोपला. वर शेवटच्या वर्षी गणिताला केटी लागली, डिग्री एक वर्ष उशिरा हातात आली. (हे वाचून माझ्या रूम पार्टनरला फार बरं वाटलं.) धंद्यातून न खपलेली एक १९३० ची ऑस्टिन सेव्हन उरली होती. हेझेल नावाच्या मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजमध्ये त्याने ती उघडली आणि प्लायवूड-ॲल्युमिनियमची बॉडी चढवून नवी गाडी केली. हीच लोटस मार्क वन. १९५२ मध्ये वडिलांच्या हॉटेलमागच्या तबेल्यात कंपनी सुरू झाली, तीही हेझेलने दिलेल्या पंचवीस पौंडांवर. पुढे दोघांचं लग्न झालं.

शिक्षण स्ट्रक्चरचं, म्हणून त्याच्या डोक्यात वजन पक्कं बसलेलं. इंजिनाची ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर पळते; वजन काढलं तर वळणावर, ब्रेकवर, चढावर सगळीकडे पळते. इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल या गोष्टी मोठ्या कंपन्या लाखांनी बनवतात, त्या विकत घ्यायच्या आणि आपलं डोकं चेसिसवर खर्च करायचं, हा त्याचा हिशेब होता. १९५७ ची लोटस सेव्हन म्हणजे याच हिशेबाची गाडी.

पण त्याच सुमाराला त्याने नेमकी उलट गोष्ट केली. रेसिंगसाठी स्वतःचा गिअरबॉक्स करायचा ठरवलं. पाच स्पीड, डिफरन्शियलसकट एकाच केसिंगमध्ये, मागच्या चाकांपाशी. सगळ्या गिअर जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्या, आणि त्यांच्या आतून सरकणारा एक सिलेक्टर ज्या जोडीखाली येईल तिला शाफ्टशी पकडणार. लिव्हर मोटरसायकलसारखी नुसती पुढे-मागे. कागदावर काय सुंदर! लहान, हलका. रेसमध्ये मात्र तो बंद पडायचा. मेकॅनिक मंडळींनी गिअरबॉक्स शब्दाशी यमक जुळवून त्याला विचित्र पेटी अशा अर्थाचं टोपणनाव दिलं होतं. हे दुखणं बरं करायला कीथ डकवर्थ हा तरुण इंजिनिअर कामाला लावला. मूळ रचना बदलल्याशिवाय आणि त्यावर पैसा घातल्याशिवाय हे होणार नाही, असं त्याचं मत झालं. चॅपमनला ते मान्य नव्हतं. डकवर्थने नोकरी सोडली आणि १९५८ मध्ये माइक कॉस्टिनबरोबर कॉसवर्थ ही इंजिनांची कंपनी काढली.

माझ्या मते चॅपमनची सगळ्यात महाग चूक ही. गिअरबॉक्स तर गेलाच, माणूसही गेला. तरी चॅपमन मनात धरून बसणारा नव्हता. १९६१ पासून त्याने जर्मन झेडएफ कंपनीचा गिअरबॉक्स घेतला. मोनोकॉक बॉडीच्या लोटस २५ मध्ये तोच होता आणि १९६३ मध्ये त्या गाडीवर जिम क्लार्कने दहापैकी सात शर्यती जिंकून जगज्जेतेपद मिळवलं. नंतर इंजिन हवं झालं तेव्हा चॅपमन त्याच डकवर्थकडे गेला. फोर्डने एक लाख पौंड दिले आणि १९६७ मध्ये डीएफव्ही इंजिन लोटस ४९ मध्ये बसलं. पहिल्याच शर्यतीत विजय.

आता आमच्या जिव्हाळ्याची गोष्ट. १९६५ मध्ये रेनो १६ ही साधी कुटुंबाची गाडी आली. पुढच्या चाकांना ड्राइव्ह, सगळ्यात पुढे गिअरबॉक्स आणि त्याच्या मागे इंजिन. चॅपमनला दिसलं ते असं: हा अख्खा संच उचलून, अर्धा फेरा फिरवून ड्रायव्हरच्या पाठीमागे ठेवला तर इंजिन गाडीच्या मध्यात आणि गिअरबॉक्स मागे येतो, म्हणजे स्वस्तात मिड-इंजिन गाडी. पण फिरवला की चाकं उलटी फिरणार, आमच्यासारखीच. उपाय गिअरबॉक्सच्या आत होता. पिनियनच्या एका बाजूला असलेला क्राउन व्हील दुसऱ्या बाजूला नेला की फिरण्याची दिशा पालटते. एवढा बदल करून १९६६ मध्ये लोटस युरोपा आली. लिव्हरपासून इंजिन ओलांडून मागे जाणारी लांबलचक दांडी आणि तिच्यामुळे पडणारे ढिले गिअर, हा दोष राहिलाच. पुढे १९७२ च्या युरोपा स्पेशलला रेनोचाच पाच स्पीडचा गिअरबॉक्स मिळाला, आणि चार स्पीडच्या जुन्या युरोपात तो पाच स्पीडचा बसवायचा उद्योग हौशी मालकांनी केला.

सेव्हनवाल्यांचा लाडका गिअरबॉक्स म्हणजे फोर्डचा पाच स्पीडचा टाइप नाइन. ऐकायला सोपं वाटतं. पण बेल हाउसिंगची भोकं जुळली पाहिजेत, इनपुट शाफ्टची लांबी आणि स्प्लाइन क्लच प्लेटशी जमली पाहिजे, शाफ्टचं टोक क्रँकच्या बेअरिंगमध्ये नीट बसलं पाहिजे. गिअरबॉक्स लांब, म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड करायचा आणि बॅलन्स करून घ्यायचा. मागचं माउंटिंग सरकतं, लिव्हर भलत्याच जागी उगवते. एवढं करून पहिला गिअर ३.६५ चा, जड सेदानसाठी ठेवलेला. अर्ध्या टनाच्या गाडीत तो टाकतो न टाकतो तोच संपतो.

चॅपमनच्या वजनवेडाची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. लोटस ७२ मध्ये पुढचे ब्रेक चाकांवरून काढून बॉडीजवळ आणले होते. चाकांवरचं वजन कमी झालं, पण ब्रेक लागायचा तो एका शाफ्टमधून. १९७० मध्ये मोन्झाच्या सरावात तो शाफ्ट तुटला आणि योखेन रिंट गेला. त्या वर्षीचं जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं. पोकळ शाफ्टने किती ग्रॅम वाचले असतील? डिझाइनच्या तासाला फॅक्टर ऑफ सेफ्टीची किंमत टाकताना मला हल्ली रिंट आठवतो. शेवटच्या काळात डीलोरियन प्रकरणातल्या पैशांचा डागही चॅपमनच्या नावाला लागला. १६ डिसेंबर १९८२ ला, वयाच्या ५४ व्या वर्षी, तो हृदयविकाराने वारला. त्याच दिवशी लोटसच्या ॲक्टिव्ह सस्पेन्शनवाल्या फॉर्म्युला वन गाडीची चाचणी चालू होती.

त्याच्या एस्प्रिटमध्ये सिट्रोएन एसएमचा गिअरबॉक्स होता आणि मागचे ब्रेक त्या गिअरबॉक्सला चिकटून. सिट्रोएनचा पुरवठा थांबला तेव्हा १९८८ च्या मॉडेलपासून रेनोचा गिअरबॉक्स आला, आणि ब्रेक पुन्हा चाकांपाशी न्यावे लागले. एक भाग बदलला की त्याला टेकलेलं सगळं हलतं.

आमच्या रिक्षाच्या गिअरबॉक्सात क्राउन व्हील दुसऱ्या बाजूला न्यायची सोय नव्हती. तो काढून सरळ बसवला, इंजिन चार इंच सरकवलं, त्यासाठी चेसिसचे दोन पाइप कापून पुन्हा वेल्ड केले. वजन दीड किलोने वाढलं. परवा रात्री साडेअकराला गाडी पुढे गेली, तेव्हा बघायला फक्त वॉचमनकाका होते.