दिसणे आणि असणे : चित्रपटकार कै. राजा परांजपे

आमच्या मालवण किनाऱ्यावरील जत्रेत दशावतारी नाटक पाहिले नाही, असा विद्यार्थी विरळाच. देवळापुढील मोकळ्या जागेत एक लाकडी बाकडे मांडलेले असते. तेच इंद्राचे सिंहासन, तोच रथ आणि प्रसंग पडल्यास तेच डोंगराचे शिखर! दिवसा शेतात राबणारा मनुष्य रात्री मुखास रंग लावून राजा होतो आणि पहाट होईपर्यंत आपण त्यास राजाच मानतो. सकाळी तो आपला पेटारा उचलून पुढल्या गावाची वाट धरतो, तेव्हा मात्र ध्यानात येते की, दिसले ते निराळे आणि होते ते निराळे. दिसणे व असणे ह्यांतील हे अंतर ज्यांनी आपल्या कलेचा विषय केला, अशा एका मराठी कलावंताचे चरित्र आम्ही आज विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो. ते कलावंत म्हणजे चित्रपट-दिग्दर्शक व नट कै. राजा परांजपे होत.

राजाभाऊंचा जन्म ता. २४ एप्रिल १९१० रोजी मिरज येथे झाला. मिरज हे तंतुवाद्ये घडविणाऱ्या कारागिरांचे व थोर गवयांचे गाव. राजाभाऊ तीन वर्षांचे होते, त्या साली, म्हणजे १९१३ मध्ये, दादासाहेब फाळके ह्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईस प्रदर्शित झाला. तेव्हाचे चित्रपट मुके असत. पडद्यापुढे वादक बसून पेटी-तबल्याची साथ करीत. मराठी बोलपट १९३२ साली आला, तेव्हा राजाभाऊ एकवीस-बावीस वर्षांचे तरुण होते. म्हणजे चित्रकला जसजशी चालावयास व बोलावयास शिकली, तसतसे हेही वाढले, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्या काळी कोल्हापूर हे मराठी चित्रसृष्टीचे माहेरघर होते. तेथे भालजी पेंढारकर ह्यांच्यासारख्या शिस्तप्रिय गुरूच्या हाताखाली राजाभाऊंनी अभिनयाचे व दिग्दर्शनाचे धडे घेतले. उमेदवारीची ही वर्षे थोडीथोडकी नव्हती. त्यांनी दिग्दर्शित केलेला 'जिवाचा सखा' हा चित्रपट १९४८ साली आला, तेव्हा त्यांच्या वयास अडतीस वर्षे झाली होती. आज एका परीक्षेत मागे पडल्याने खचून जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

कवी ग. दि. माडगूळकर, संगीतकार सुधीर फडके आणि राजाभाऊ अशी त्रयी जमली. मराठी चित्रपटास त्या काळी पैशाचे पाठबळ बेताचेच असे. हिंदी चित्रपटांचे भव्य महाल, शेकडो नर्तकी आणि परदेशची दृश्ये त्यास परवडणारी नव्हती. परंतु ज्याच्यापाशी बाकडे एकच आहे, त्यास नटाच्या मुखाकडे अधिक लक्ष द्यावे लागते. राजाभाऊंनी हेच केले. दागदागिने व देखावे ह्यांवाचून केवळ माणसाच्या मनाची गुंतागुंत दाखवून त्यांनी प्रेक्षकांस खिळवून ठेविले.

त्यांचे चित्रपट एकामागून एक पाहिले, तर सर्वांच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो. जो जसा दिसतो, तो खरोखर तसा असतो काय? १९५२ सालच्या 'लाखाची गोष्ट' ह्या विनोदी चित्रपटात एका गरीब तरुणास महिन्याभरात एक लाख रुपये खर्चून दाखविण्याची अट घातली जाते आणि श्रीमंत कोण व दरिद्री कोण, हा हिशेबच उलटापालटा होतो. त्याच वर्षीच्या 'पेडगावचे शहाणे' मध्ये राजाभाऊंनी स्वतः वेडा ठरविलेल्या गृहस्थाची भूमिका केली. वेड पांघरून पेडगावास जाणे ही आपली जुनी म्हण. पण चित्रपट संपता संपता प्रेक्षकच विचारात पडतो की, वेडे ते का आपण? १९५४ सालच्या 'ऊन पाऊस' मध्ये ते वृद्ध शिक्षक झाले. आयुष्यभर दुसऱ्यांची मुले शिकविणाऱ्या ह्या शिक्षकाची व त्याच्या पत्नीची उतारवयात स्वतःची मुलेच वाटणी करतात. आई एकाकडे, वडील दुसऱ्याकडे! बाहेरून सुखी दिसणाऱ्या घराचे अंतरंग ह्याहून अधिक हळुवारपणे क्वचितच कोणी उघडून दाखविले असेल. १९६० सालच्या 'जगाच्या पाठीवर' मध्ये तर एका निराधार भटक्याची व दृष्टिहीन मुलीची कथा आहे. जिला रूप दिसत नाही, तिला माणूस मात्र अचूक ओळखता येतो.

हाच प्रश्न त्यांनी १९६४ साली रहस्यकथेच्या रूपाने मांडला. पाश्चात्य देशांत १९३० नंतरच्या दोन दशकांत अल्प खर्चाचे पुष्कळ खूनपट निघाले. त्यांत एखादा जुना वाडा, वादळी रात्र, एक प्रेत आणि पोलिसांच्या आधी गुन्ह्याचा छडा लावणारा कोणी हौशी गृहस्थ असावयाचाच. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकर ह्यांच्या गुप्तहेरकथांनी हीच गोडी घरोघर पोहोचविली होती. राजाभाऊंनी मात्र 'पाठलाग' ह्या चित्रपटात प्रेत व पिस्तूल ह्यांपेक्षा मनातील संशयावर भिस्त ठेविली. जयंत देवकुळे ह्यांच्या कादंबरीवरून हा चित्रपट रचिलेला आहे. गीते माडगूळकरांची व संगीत दत्ता डावजेकर ह्यांचे. नायकाची भूमिका चिपळूणचे सुपुत्र, शिक्षणाने दंतवैद्य असलेले डॉ. काशिनाथ घाणेकर ह्यांनी केली, तर नायिका होत्या भावना.

कथा अशी : कायद्याच्या व्यवसायातील एका प्रतिष्ठित गृहस्थाची प्रिय पत्नी निवर्तली आहे. तिच्या मृत्यूविषयी त्यास तिळमात्र शंका नाही. अशात आरोपी म्हणून एक स्त्री त्याच्यापुढे येते. रूप तेच, डोळे तेच आणि ती आपणच त्याची पत्नी असल्याचे सांगते. आता ह्या माणसाने विश्वास कशावर ठेवावा? स्वतःच्या डोळ्यांवर ठेवावा, तर हीच ती. स्वतःच्या आठवणींवर ठेवावा, तर ही ती असणे शक्य नाही. तो काही धंदेवाईक गुप्तहेर नव्हे. पण पुराव्याच्या एकेका धाग्याने सत्याचा पाठलाग करण्यावाचून त्यास गत्यंतर उरत नाही. शेवट आम्ही येथे सांगत नाही. रहस्यकथेचा शेवट आधीच सांगणाऱ्यास वाचकांचा शाप लागतो!

हा कृष्णधवल चित्रपट राष्ट्रीय पारितोषिकांत गौरविला गेला. त्यापूर्वीच्या वर्षीचा त्यांचा 'हा माझा मार्ग एकला' ह्यासही हा मान मिळाला होता. 'पाठलाग'ची कथा पुढे तमिळ भाषेत गेली आणि १९६६ साली राज खोसला ह्यांनी तीवरून 'मेरा साया' हा रंगीत हिंदी चित्रपट काढिला. साधना व सुनील दत्त ह्यांच्या भूमिका आणि मदनमोहन ह्यांचे संगीत ह्यांमुळे तो देशभर गाजला. त्याची गाणी गुणगुणणाऱ्या कित्येकांस मूळ मराठी कथेची वार्ताही नसते. येथेही दिसणे निराळे व असणे निराळेच! पण त्याने मूळ कृतीचे मोल उणे होत नाही.

राजाभाऊंनी पुढे 'पडछाया' व 'गुरुकिल्ली' हे चित्रपट दिले. बिमल रॉय ह्यांच्या 'बंदिनी' ह्या हिंदी चित्रपटात नायिकेच्या वृद्ध पित्याची भूमिकाही त्यांचीच. ता. ९ फेब्रुवारी १९७९ रोजी त्यांचे देहावसान झाले.

'पाठलाग' आम्ही लहानपणी शेजाऱ्यांच्या ओटीवर, दूरचित्रवाणीच्या लहानशा पडद्यावर पाहिला आणि त्या रात्री अंधारातून घरी जाताना पावलोपावली मागे वळून पाहिले. त्यातील खरी शिकवण मात्र पुष्कळ वर्षांनी, शिक्षक झाल्यावर कळली. एकदा आमच्या वर्गात सहलीसाठी जमविलेले पैसे नाहीसे झाले. विसावलेला सदरा घालणाऱ्या व कोणाशी फारसे न बोलणाऱ्या एका मुलाकडे साऱ्यांची दृष्टी वळली आणि खेदाची गोष्ट ही की, आमचीही वळली. आम्ही त्यास सर्वांदेखत उभे करून विचारिले. तो काही न बोलता खाली पाहत राहिला. आम्ही त्यास अपराधाची कबुली समजलो. दुसऱ्या दिवशी पैशांचे पाकीट आमच्याच हजेरीपुस्तकाच्या पुठ्ठ्यात सापडले. आम्ही वर्गापुढे त्या मुलाची क्षमा मागितली. त्याने ती दिलीही. तरी ती खाली गेलेली मान आम्ही अद्याप विसरलो नाही.

विद्यार्थीमित्रहो, रहस्यकथा अवश्य वाचा, जुने चित्रपट अवश्य पाहा. त्यांतील शोध करणारा मनुष्य हुशार असतो, हे तर खरेच. पण त्याचा मोठा गुण हा की, पुरावा हाती येईपर्यंत तो कोणासही चोर म्हणत नाही व कोणासही साव म्हणत नाही. राजा परांजपे ह्यांनी थोड्या साधनांनी हेच पुनःपुन्हा दाखविले. शेजारच्या बाकावरील मुलाविषयी मत बनविताना तुम्हांस त्यांच्या चित्रांची आठवण झाली, तर हे चरित्र लिहिण्याचे आमचे श्रम सार्थकी लागले, असे आम्ही समजू.