ओटो लिलिएन्थाल : एका पतनाची मीमांसा

विमानविद्येच्या आरंभकाळातील जर्मन अभियंते ओटो लिलिएन्थाल यांचा जन्म २३ मे १८४८ रोजी पोमेरेनियातील आंक्लाम येथे झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले. धाकटे बंधू गुस्टाव्ह यांच्यासमवेत करकोच्यांच्या उड्डाणाचे निरीक्षण करण्याचा बालपणीचा छंद पुढे त्यांचे जीवनव्रत ठरला. बर्लिनमधील यंत्रशास्त्राचे शिक्षण आणि १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धातील सैनिकी सेवा यांनंतर त्यांनी बाष्पित्रे व वाफेची यंत्रे तयार करणारा कारखाना उभारला. १८९० पासून त्याच्या नफ्यातील चतुर्थांश वाटा त्यांनी कामगारांना देऊ केला.

सपाट पंखापेक्षा किंचित वक्र पंखाला हवेकडून अधिक आधार मिळतो, हे त्यांनी फिरत्या दांड्यावरील प्रयोगांनी मोजून दाखविले व १८८९ साली ग्रंथरूपाने मांडले. मात्र केवळ गणितावर ते विसंबले नाहीत. विलोच्या लवचिक काठ्या आणि सुती कापड यांच्या ग्लायडरमधून १८९१ पासून त्यांनी सुमारे २,००० उड्डाणे केली. राइनो टेकड्यांवरून २५० मीटरपर्यंतचे अंतर त्यांनी गाठले.

या यानांना हालते सुकाणू जवळजवळ नव्हतेच. उड्डाणकर्ता बाहूंच्या आधारे लोंबकळे आणि पाय झोकून गुरुत्वमध्य बदली. मंद वाऱ्यात हा उपाय पुरे पडे. अकस्मात आलेल्या झोताला तो अपुरा होता. ९ ऑगस्ट १८९६ रोजी गोलेनबर्गवर नेमके हेच घडले. ऊर्ध्वगामी झोताने यानाचे तोंड वर उचलले, वेग मंदावला, पंखांवरील प्रवाह तुटला आणि यान सुमारे १५ मीटर उंचीवरून कोसळले. मानेचा मणका मोडला. दुसऱ्या दिवशी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले. १८९९ मध्ये त्यांचे इंग्रज अनुयायी पर्सी पिल्चर हेही ग्लायडरच्या अपघातातच गेले. मात्र तेथे यानाचा शेपटीकडील भाग मोडला होता.

या मृत्यूच्या वार्तेने अमेरिकेत विल्बर राइट यांचे कुतूहल पुन्हा जागे झाले. उड्डाणाचा खरा प्रश्न पंखांचा वा शक्तीचा नसून नियंत्रणाचा आहे, हा निष्कर्ष राइट बंधूंनी काढला. म्हणूनच त्यांनी पंखांना पीळ देण्याची योजना केली व चढउतार साधणारे पृष्ठ यानाच्या पुढे बसविले. लिलिएन्थाल यांच्या कोष्टकांविषयी त्यांना प्रथम संशय आला. पण १९०१ च्या वातविवरातील मोजमापांनंतर ती बव्हंशी विश्वसनीय ठरली. २०१६ साली जर्मन वायु-अंतराळ संशोधन केंद्राने प्रतिकृती तपासली, तेव्हा हे यान मूलतः स्थिर असल्याचे आढळले.

तात्पर्य, लिलिएन्थाल यांचा घात रचनेतील अज्ञानाने केला नाही. जे त्यांनी मोजले होते ते टिकले. जे केवळ देहाच्या चपळाईवर सोपविले होते, तेथेच ते पडले. त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांनी या दोहोंतील भेद ओळखला, आणि १७ डिसेंबर १९०३ चे उड्डाण त्या ओळखीतूनच शक्य झाले.