गरिबांचे डॉक्टर : संत जोसेफ मोस्काती



घरात आजारपण आले की त्याच्या पाठोपाठ आणखी एक दुखणे उंबरठा ओलांडून आत येते. ते पैशाचे. पहिले दुखणे डॉक्टरांना दाखवता येते. दुसरे दाखवायची लाज वाटते. आणि दुसरे लपवता लपवता माणूस पुष्कळदा पहिलेही लपवू लागतो. तपासण्या पुढे ढकलल्या जातात, गोळ्या अर्ध्या करून घेतल्या जातात, दागिने गहाण पडतात आणि शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघरी जाणाऱ्या कोणत्याही धर्मगुरूला हे नवीन नाही.

ही दोन्ही दुखणी एकाच वेळी ओळखणारा एक डॉक्टर इटलीतील नेपल्स शहरात होऊन गेला. तो धर्मगुरू नव्हता, कोणत्याही संघाचा व्रतस्थही नव्हता. तो एक प्रापंचिक होता, नोकरी करणारा, रोज पायी हिंडणारा. ख्रिस्तसभा आज त्याला संत जोसेफ मोस्काती या नावाने ओळखते. इटालियन भाषेत त्याचे नाव ज्युसेप्पे.

जोसेफ यांचा जन्म २५ जुलै १८८० रोजी बेनेव्हेन्तो या गावी झाला. नऊ भावंडांत त्यांचा क्रमांक सातवा. वडील फ्रान्चेस्को न्यायाधीश होते, आई रोझा श्रद्धाळू आणि शिस्तीची. वडिलांच्या बदलीमुळे पुढे हे कुटुंब नेपल्सला आले आणि तिथलेच झाले.

१८८४ हे वर्ष नेपल्सच्या इतिहासात काळे वर्ष म्हणून नोंदले गेले आहे. त्या साली शहरात पटकीची म्हणजे कॉलऱ्याची साथ आली आणि एकट्या शहरात सुमारे ७००० माणसे दगावली. नेपल्स एके काळी राजधानी होती. इटली एक झाल्यावर ते वैभव गेले, दाटी मात्र राहिली. गरीब कुटुंबे रस्त्याच्या पातळीवरच्या एकेका खोलीत राहात. त्या खोलीला बहुधा खिडकी नसे; दार उघडले तरच उजेड आणि हवा. विहिरींच्या पाण्यात सांडपाणी मिसळे. साथीनंतर सरकारने शहर सुधारण्यासाठी कायदा केला, १८८५ मध्ये लांबच्या झऱ्यांचे स्वच्छ पाणी नळाने आणले आणि जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. पण पाडलेल्या वस्त्यांतले पुष्कळ गरीब नव्या घरांचे भाडे भरू शकले नाहीत. ते बाजूच्या गल्ल्यांत अधिकच दाटीने राहू लागले. ज्यांना जमले ते नेपल्सच्या बंदरातून जहाजात बसून अमेरिकेला निघून गेले.

अशा शहरात सुखवस्तू घरातला हा मुलगा वाढत होता. गरिबी त्याच्या घरी आली नाही, पण आजारपण आले. जोसेफ बारा-तेरा वर्षांचे असताना सैन्यात अधिकारी असलेला त्यांचा मोठा भाऊ आल्बेर्तो घोड्यावरून पडला. डोक्याला मार बसला आणि त्याला अपस्माराचे झटके येऊ लागले. तो घरीच अंथरुणाला खिळला. धाकटा भाऊ तासन् तास त्याच्या उशाशी बसे. घरात बराच काळ चालणारे आजारपण काय असते, रात्री किती मोठ्या असतात, आशा कशी वर-खाली होते, हे त्याने पुस्तकात शिकण्याआधी त्या खोलीत पाहिले. १८९७ साली त्यांनी वैद्यकीय शाखेत नाव घातले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वडील वारले. आल्बेर्तो १९०४ मध्ये गेला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९०३ मध्ये, जोसेफ उत्तम गुणांनी डॉक्टर झाले होते; पण भावाला ते बरे करू शकले नाहीत.

पदवी मिळाल्यावर ते नेपल्सच्या 'इन्कुराबिली' रुग्णालयात रुजू झाले. या नावाचा अर्थ होतो, बरे न होणाऱ्यांचे रुग्णालय. सोळाव्या शतकात मारिया लोंगो नावाच्या एका विधवेने ते स्थापन केले होते. ज्यांना इतर ठिकाणी दार बंद होते, त्यांच्यासाठी ते होते. जोसेफ यांच्या आयुष्याचा मोठा भाग याच इमारतीत गेला.

एप्रिल १९०६ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला. डोंगराच्या पायथ्याशी तोर्रे देल ग्रेको या गावात रुग्णालयाची एक शाखा होती. तिथे वृद्ध आणि लुळे रुग्ण ठेवलेले होते. आकाशातून राख पडत होती, छपरांवर तिचे थर साचत होते. हे तरुण डॉक्टर तिकडे धावले. ज्यांना चालता येत नव्हते अशा रुग्णांना त्यांनी बाहेर काढायला लावले, स्वतः हात लावून मदत केली. शेवटचा रुग्ण बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात छप्पर कोसळले. पुढे त्यांनी वरिष्ठांना पत्र लिहून मदत करणाऱ्या सेवकांना बक्षीस देण्याची विनंती केली. स्वतःचे नाव घेऊ नये, असेही कळवले.

१९११ मध्ये पटकी पुन्हा नेपल्समध्ये शिरली. या वेळी एक वेगळीच गोष्ट घडली. इटलीच्या एकीकरणाला त्या वर्षी ५० वर्षे पूर्ण होत होती. देशभर उत्सव होते, पाहुणे येणार होते, बंदरातून परदेशी जाणाऱ्यांची जहाजे सुटत होती. साथीची बातमी बाहेर गेली तर धंदा बुडेल, या भीतीने सरकारने ती दडपून ठेवली, असे इतिहासकारांनी पुढे कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले. म्हणजे गरीब माणूस खर्चाच्या भीतीने आपला आजार लपवतो, तसाच एका सरकारने नुकसानीच्या भीतीने एका शहराचा आजार लपवला. परिणाम दोन्हीकडे सारखाच. लपवलेला रोग वाढतो.

डॉ. मोस्काती यांच्याकडे त्या काळात आरोग्य तपासणीचे आणि रोगाच्या संशोधनाचे काम सोपवण्यात आले होते. शहर निरोगी करण्यासाठी काय काय करायला हवे, याच्या सूचना त्यांनी अधिकाऱ्यांना लिहून दिल्या. त्यांपैकी बऱ्याच पुढे अमलातही आल्या. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. दानधर्म करणारा माणूस म्हणजे भोळा माणूस, असा आपला समज असतो. मोस्कातींना ठाऊक होते की पटकी ही दूषित पाण्यातून येते. तिथे नळ आणि गटारे हवीत, नुसती भीक पुरणार नाही. तत्त्वज्ञानात आम्हाला कारण आणि परिणाम वेगळे करायला शिकवतात. गरिबाच्या बाबतीत मात्र ती दोन्ही एकमेकांची जागा घेतात. पैसा नाही म्हणून आजार येतो आणि आजार येतो म्हणून पैसा राहात नाही. हे चक्र तोडायचे तर दोन्हीकडून हात घालावा लागतो. मोस्कातींनी तो घातला.

नोव्हेंबर १९१४ मध्ये त्यांची आई मधुमेहाने वारली. तेव्हा त्या रोगावर खरे औषध नव्हते. इन्सुलिनचा शोध कॅनडात १९२१ साली लागला आणि पुढच्याच वर्षी ते रुग्णांना देण्यात येऊ लागले. नेपल्समध्ये इन्सुलिन वापरणाऱ्या पहिल्या डॉक्टरांत मोस्काती होते. आईच्या वेळी जे हाताशी नव्हते, ते दुसऱ्यांच्या आयांना मिळावे म्हणून त्यांनी इतर डॉक्टरांनाही ते शिकवले. पहिल्या महायुद्धात त्यांनी सुमारे ३००० जखमी आणि आजारी सैनिकांवर उपचार केले. १९१९ मध्ये ते इन्कुराबिलीतील एका पुरुष विभागाचे प्रमुख झाले. विद्यापीठातील मोठ्या पदाकडे जाण्याची वाट त्यांना मोकळी होती. त्यांनी रुग्णांच्या खाटा आणि त्या खाटांभोवती उभे राहून शिकणारे विद्यार्थी निवडले.

त्यांचा दिवस ठरलेला असे. पहाटे उठणे, प्रार्थना, मिस्सा आणि ख्रिस्तप्रसाद. मग गल्लीबोळांतल्या गरीब रुग्णांना घरी जाऊन पाहणे, त्यानंतर रुग्णालय, दुपारी घरी येऊन दवाखाना. त्यांनी लग्न केले नाही. बहीण नीना घर सांभाळी आणि गरिबांना मदत करण्याच्या कामात त्यांची सोबतीण होती.

या घरच्या दवाखान्यातली एक गोष्ट नेपल्समध्ये आजही सांगतात. बाहेरच्या खोलीत एक टोपली ठेवलेली असे. कोणी म्हणतात, ती टोपी होती. शेजारी चिठ्ठी असे. ज्याला जमेल त्याने आत पैसे ठेवावेत आणि ज्याला गरज असेल त्याने त्यातून घ्यावेत, असा त्या चिठ्ठीचा आशय.

वरवर पाहता ही एका उदार डॉक्टरची गमतीची युक्ती वाटते. पण जरा थांबून विचार करा. डॉक्टरांनी एखाद्याला सर्वांसमोर सांगितले असते की तुमच्याकडून फी घेणार नाही, तर तो माणूस पैशातून सुटला असता, पण लाजेत अडकला असता. पुढच्या वेळी पोट दुखले तरी तो आला नसता. टोपलीपाशी मात्र हात आत गेला एवढेच दिसे. त्याने ठेवले की घेतले, हे त्याला आणि देवाला ठाऊक. श्रीमंत आणि गरीब एकाच टोपलीशी वाकत.

त्यांच्या बाकीच्या गोष्टीही याच धाटणीच्या आहेत. औषधाची चिठ्ठी घेऊन रुग्ण घरी जाई, ती उघडी आणि घडीत नोट सापडे. कधी रुग्णाला तपासून डॉक्टर निघून गेल्यावर उशीखाली पैसे मिळत. आभार मानायला डॉक्टर समोर नसत. एका एकाकी म्हाताऱ्याची हकीगतही सांगतात. त्याच्या प्रकृतीवर रोज लक्ष ठेवायला हवे होते. डॉक्टरांनी त्याला सांगितले की रोज सकाळी अमुक एका हॉटेलात बसून दूध प्यावे, पैसे मी देईन. जाता-येता डॉक्टर आत डोकावत. म्हातारा दिसला की समजायचे, बरे आहे. दिसला नाही की त्याच्या घराकडे वळायचे. एका पेला दुधात त्याचे पोषण झाले, तपासणी झाली आणि आपल्यावर उपकार होत आहेत असे त्याला वाटलेही नाही.

सगळ्यांनाच ते बरे करू शकले असे नाही. ज्याचा उपाय हातात नव्हता, त्याला त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. पण एकटेही सोडले नाही. रुग्णाने पापनिवेदन करावे, ख्रिस्तप्रसाद घ्यावा, असे ते न संकोचता सुचवत. त्यांच्या दृष्टीने खाटेवरचा माणूस म्हणजे नुसते शरीर नव्हते, तसाच तो नुसता आत्माही नव्हता. त्याला शरीर होते, आत्मा होता आणि महिनाअखेरीस भरायचे भाडेही होते.

१२ एप्रिल १९२७ हा पवित्र आठवड्यातला मंगळवार होता. नेहमीप्रमाणे त्यांनी मिस्सा ऐकला, ख्रिस्तप्रसाद घेतला, रुग्णालयातले काम केले आणि घरी येऊन रुग्ण तपासू लागले. दुपारी तीनच्या सुमारास त्यांना अस्वस्थ वाटू लागले. ते आपल्या खोलीत जाऊन खुर्चीत बसले आणि तिथेच शांतपणे त्यांचा प्राण गेला. वय अवघे ४६. बातमी गल्ल्यांतून पसरली तशी गरिबांची रीघ लागली. १९३० साली त्यांचे अवशेष नेपल्सच्या जेझू नुओव्हो चर्चमध्ये आणण्यात आले. आजही तिथे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक येतात, नवस फेडतात. त्यांची ती खुर्चीही तिथे जपून ठेवली आहे. पोप पॉल सहावे यांनी १६ नोव्हेंबर १९७५ रोजी त्यांना धन्य घोषित केले आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी २५ ऑक्टोबर १९८७ रोजी संतपद दिले. त्या वेळी रोममध्ये प्रापंचिकांच्या कार्याविषयी महागुरुस्वामींची धर्मसभा भरली होती, हा योग सुंदर होता. त्यांचा सण १६ नोव्हेंबरला येतो.

बंधुभगिनींनो, आपण सगळे डॉक्टर नाही. पण टोपली ठेवायला डॉक्टर असावे लागत नाही. आपल्या गल्लीत कोणाच्या घरी सलाईन लागते आहे, कोणाचा पगार थांबला आहे, कोण गेले दोन रविवार मिस्साला दिसले नाही, हे आपल्याला बहुधा कळत असते. तिथे जाताना हातात काय घेऊन जावे, याचा विचार आपण करतो. त्यांना मान खाली घालावी लागू नये, अशा रीतीने ते कसे द्यावे, याचाही विचार करू या. दिल्यानंतर त्याची चर्चा चर्चच्या आवारात होणार नाही, एवढे तरी आपल्या हातात आहे.

आणि ज्यांच्या घरी आज ही दोन्ही दुखणी आहेत त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. आजार लपवू नका. अडचणही लपवू नका. एखाद्या विश्वासू शेजाऱ्याला सांगा, धर्मग्रामातील सेवाभावी मंडळींना सांगा, मला सांगा. मागणे हे पाप नाही आणि घेणे हा कमीपणा नाही. नेपल्सच्या त्या टोपलीत जितके हात ठेवायला गेले तितकेच घ्यायलाही गेले असतील. डॉक्टरांनी दोघांसाठीही ती एकच ठेवली होती.

संत जोसेफ मोस्काती, आमच्या आजाऱ्यांसाठी आणि त्यांची सेवा करणाऱ्यांसाठी विनंती करा.